पिवळा रंग येऊ नये म्हणून

११ जानेवारी १९९४

आज आमचं एन्झाइम मेलं. अमेरिकेहून सुक्या बर्फात बसून निघालं होतं, इथे उतरल्यावर कुठल्या तरी गोदामात आठवडाभर पडून राहिलं. हातात आला तेव्हा खोका कोमट! तरी आशेने तपासून पाहिलं. एन्झाइम जिवंत असेल तर आमच्या नळीत पिवळा रंग येतो. आला नाही. ज्याने तो खोका उन्हात ठेवला त्याच्या सात पिढ्यांचा मी मोठ्याने उद्धार केला. ओक सर नुसते "हं" म्हणाले. या माणसाला एकदा तरी ओरडताना ऐकायचंय मला.

पुढे गोळ्यांचा कारखाना आणि मागे आमच्या दोन खोल्या. एकीत सर नवे पदार्थ बनवतात, दुसरीत मी ते तपासते. म्हातारपणी माणसाची आठवण पुसून टाकणाऱ्या रोगावर औषध शोधायचंय, तेही डोंबिवलीत. मालकाला वाटतं होईल, सरांना वाटतं कदाचित होईल. मला तर व्हायलाच हवंय.

घरी आले तर बाबा स्वयंपाकघरात चूल शोधत होता. गॅस येऊन बारा वर्षं झाली.

१२ जानेवारी

शेवंती आते मासे साफ करत होती. बाबाची ही धाकटी बहीण, विधवा, बाजारात मासळी विकते, आमच्याच घरात राहते आणि घर तिच्याच तोंडावर चालतं. मला म्हणाली, "तू करतंस तरी काय गो त्या कारखान्यान? इतकी शिकलीस, नि बाबाला एक गोली आनता येत नाय?"

लागलं मला. तरी सांगितलं. डोक्यात एक निरोप्या असतो. त्याने निरोप पोचवला की एन्झाइम त्याला खाऊन टाकतं, म्हणजे पुढच्या निरोपाला वाट मोकळी. बाबासारख्यांच्या डोक्यात निरोप्ये बनतातच कमी. ते वाढवणं आपल्या हातात नाही, तेव्हा निदान खाणाऱ्याला तरी आवरायचं, म्हणजे आहेत ते जरा जास्त टिकतील.

आते विळीवरून मान न उचलता म्हणाली, "म्हंजे बोंबील कमी आयलं, तं कावलं तरी हाकला."

मी तोंडात बोट घातलं. एम.एस्सी.ला दोन वर्षं घालवून मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

आणि तेवढ्यात तिने बोईटाचं डोकं छाटून मांजरीपुढे टाकलं. मी ते मांजरीच्या तोंडातून ओढून घेतलं. आतेला वाटलं, बाबाचं वेड मलाही लागलं.

१४ जानेवारी

"बोईट?" ओक सर म्हणाले. "खाडीतला मासा? मंजुळाबाई, प्रयत्न करायला हरकत नाही."

सकाळी आतेने दिलेली ताजी डोकी बर्फात घालून नेली. मेंदू काढले, वाटले, गाळले, नळीत घातले. आणि पिवळा रंग आला! हळूहळू, खालून वर, फणसाच्या गऱ्यासारखा. मी मशीनचा आकडा बघायचं विसरून नळीच बघत बसले.

ज्याचं आपण आयुष्यभर कालवण केलं त्या माशाच्या डोक्यात आणि माझ्या बापाच्या डोक्यात एकच वस्तू, एकच काम करते. मासा खवळलेल्या पाण्यात उडी मारतो तीही त्याच निरोप्याच्या जोरावर, आणि बाबा मला "बाय" म्हणून हाक मारतो तीही. कोणी केलं असेल हे? कधी केलं असेल? मला रडू आलं, आणि ओक सर शेजारच्या खोलीत आहेत म्हणून मी नाक शिंकरल्याचं नाटक केलं.

३ फेब्रुवारी

बाबाला ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं. बाबाने गोल छान काढला आणि आत होडी काढली. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. ते मला वर्षभर ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी होडीचा तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. गेल्या वर्षी अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालंय, पण ते लिव्हरवर जातं आणि इथे मिळत नाही.

"चांगलं सांभाळा त्यांना," डॉक्टर म्हणाले. सांभाळतेच आहे हो. मला सांभाळायचं नाहीये, मला तो परत हवाय.

माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची. हा माणूस खाडीवरून यायचा, माझ्या वेण्या घालायचा, वेण्यांना मासळीचा वास यायचा आणि शाळेत पोरी नाक मुरडायच्या. मी घरी येऊन त्याच्यावरच ओरडायचे. तो म्हणायचा, "अगो बाय, वास जातं, विद्या ऱ्हातं."

२ मार्च

सोळावा पदार्थ. त्याने एन्झाइम अडवलं असतं तर रंग आला नसता. पिवळा. एकदम झेंडूसारखा पिवळा! मेल्या, थोडा तरी अडवायचास.

२५ मार्च

सरांचा सतरावा पदार्थ तयार झाला. पांढराशुभ्र, बारीक, मिठागरावरच्या पहिल्या मिठासारखा. सर त्याच्याकडे असे बघत होते की बायकोकडे कधी बघितलं नसेल.

आणि माझ्याकडे ताजा मासा नाही; जानेवारीची थोडी डोकी फ्रीजरमध्ये आहेत, ती सरांनी अडीनडीला राखून ठेवलीत. शिमगा आहे. आमच्या होड्या सगळ्या काठावर, रंगवलेल्या, पताका लावलेल्या, आणि माणसं दारात नाचतायत. होळी पेटून शिळी होईपर्यंत कोणी पाण्यात जाळं टाकणार नाही. आतेकडे गयावया केली तर म्हणाली, "तुजा विज्ञान चार दिस थांबल. हावलुबाय थांबाची नाय." हावलुबाय म्हणजे आमची होळी.

बाबा ओट्यावर बसून ऐकत होता.

२७ मार्च

काय झालं आज! काय झालं!

सकाळी उठले तर बाबा घरात नाही. आतेने आणि मी सगळं गाव पालथं घातलं. ढोल वाजतायत, पोरं रंग उडवतायत, आणि मी चिखलातून "बाबा, बाबा" करत वेड्यासारखी धावतेय. परत आले तर तो दारात उभा. गुडघ्यापर्यंत काळा, खांद्यावर पाग, म्हणजे त्याचं हाताने फेकायचं जाळं, आणि पिशवीत बोईट. चांगले मोठे.

"तुना पायजे व्हते ना?" म्हणाला.

त्याच्या ध्यानात राहिलं! परवाचं बोलणं! आणि एकटा गेला, एकटा परत आला. मी त्याच्या चिखलासकट त्याला मिठी मारली. आते ओरडत होती, शिमग्यात पाग टाकला म्हणून. टाकला तर टाकला! ज्याला वार आठवत नाही त्याला सण कसा आठवेल?

"कुठे गेलतास रे?"

"जांभूलकोंडीव."

जांभूळकोंड म्हणजे नाला खाडीला मिळतो तिथला डोह. लहानपणी मी त्याच्याबरोबर जायचे. आता तिथे कोणी जात नाही.

"तिकडे कारखाने झालेत ना?"

"कसले कारखाने?" बाबा हसला. "पानी गोड हाय तिथला. बोईट तं उडीपन मारीत नवते. आपसूक हातान आले."

कोळ्याचा हात तो! आठवण गेली तरी हात विसरत नाही. आतेने मासा नाकाशी धरला आणि म्हणाली, राकेलचा वास येतोय, मी शिजवणार नाही. मी तिला झापलं. पिशवीत पूर्वी राकेलचा डबा असायचा, त्याचा वास असेल. म्हाताऱ्याने इतक्या प्रेमाने आणलेलं, आणि हिचं नाक मुरडणं! पण ती आते आहे. धडं तिने उकिरड्यावर टाकली. डोकी माझ्याकडे.

२८ मार्च

पिवळा आला नाही.

नळीत मेंदूचा रस, त्यात सतराव्याचा एकच थेंब, आणि पाणी पाण्यासारखंच. मी थेंब दहापट पातळ केला. नाही आला. शंभरपट केला. तरी नाही! मी उभ्याउभ्या खुर्ची शोधायला लागले. इतका जोर अमेरिकेच्या औषधातही नाही.

सरांना बोलावलं. ते नळी उजेडात धरून बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील आनंदाने. म्हणाले, "औषध न घालता, नुसत्या रसाचा रंग किती आला?"

"तो सोळाव्याच्या वेळी घेतलाय, सर."

"या माशांचा घ्या."

"मासा तोच आहे, सर. खाडी तीच आहे."

"तरीही घ्या, मंजुळाबाई."

तरीही घ्या! देव समोर उभा राहिला तर हे त्याचं रेशनकार्ड मागतील. जन्मभर मी त्या खाडीचं खाल्लंय, मला शिकवतायत. थोडी डोकी बर्फात आहेत, करीन परवा.

सर गेल्यावर मी सतराव्यातला चिमूटभर बटरपेपरात बांधला आणि पर्समध्ये ठेवला. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठेच लिहिता येणार नाही. उंदरांना द्यायला वर्ष जाईल. माणसांना द्यायला दहा. बाबाकडे दहा वर्षं नाहीत. काल तो मासे घेऊन आला, म्हणजे आत अजून कोणी तरी जागं आहे. ते झोपायच्या आत निरोप पोचायला हवा.

२९ मार्च

सुट्टी घेतली. आते बाजारात गेल्यावर चहा केला. बाबाच्या कपात दोन चमचे साखर घातली आणि पुडी उघडली.

बाबा समोरच बसलेला. "काय टाकतंस?"

खोटं बोलणार होते, जमलं नाही. "औषध. मी केलेलं. आठवायला लागेल तुला."

"दे," म्हणाला आणि हात पुढे केला. मग थांबून, अगदी सहज, "तू चाखलास?"

"नाही."

"मंग?" त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं. "मी तुना कदी चाखल्याबिगर घास दिला नाय. काटा असंल, तिखट असंल. पयला माज्या तोंडान, मंग तुज्या."

पुडी माझ्या हातात तशीच. कपात अजून काही पडलं नव्हतं. मी तो कपभर चहा मोरीत ओतला आणि भांड्यांवर राग काढला. बाबा म्हणाला, "चाय खराब झाली काय?"

हो, म्हटलं. दुसरा केला. पुडी परत पर्समध्ये ठेवली, उद्या जिथल्या तिथे. मी काय करायला निघाले होते?

३० मार्च

ओक सरांचं तोंड बंद करायचं म्हणून केलं. नुसता रस, औषध नाही, काहीच नाही. फक्त बाबाने आणलेल्या माशांचा मेंदू.

पिवळा आला नाही.

मला वाटलं मशीन बिघडलं. मशीन बरोबर होतं. मग फ्रीजरमधली जानेवारीतली डोकी काढली, त्या रसात सतरावा घातला. एक थेंब, दोन थेंब, पाच थेंब. पिवळा! झेंडू! सतराव्याने कोणालाच अडवलं नव्हतं. सतरावा नुसतं पांढरं पीठ आहे. बाबाच्या माशांची डोकी आधीच बंद पडलेली होती.

सरांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच जास्त झोंबलं. त्यांनी मला बसवलं आणि विचारलं, मासा कुठला. मी जांभूळकोंडीचं नाव सांगितलं.

"वरच्या अंगाला कीटकनाशकं होतात," सर म्हणाले. "ती किड्याला कशी मारतात माहीत आहे ना? हेच एन्झाइम बंद करून. निरोप्या मरतच नाही, निरोप थांबतच नाही, किडा थरथरून मरतो. भरतीबरोबर कोंडीत शिरलेल्या माशाचंही तेच होतं. आपण त्याच दारावर उभे आहोत, मंजुळाबाई. फक्त आपल्याला दार थोडंसं लोटायचंय, आणि त्यांना खिळे ठोकायचेत."

एकच दार! या बाजूने माझा बाप परत येऊ शकतो आणि त्या बाजूने अख्खी खाडी मरते, आणि मधला फरक थेंबाचा. पुस्तकात हे मी वाचलंय, परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पण समजलं आज. इतक्या बारीक वस्तूवर इतकं मोठं सगळं कसं उभं आहे! मला भीती वाटली, आणि हात जोडावेसेही वाटले.

"त्या नाल्यात कोणाकोणाचं पाणी जातं, सर?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सगळ्यांचं."

मग मी आमच्या बेसिनकडे बघितलं. सरांनीही बघितलं.

२ एप्रिल

सर म्हणाले, तिथलं पाणी आणा, तपासू. मी बाबाला म्हटलं, मला कोंड दाखव. सबंध वाट तो पुढे आणि मी मागे. घरातल्या मोरीची वाट चुकणारा माणूस चिखलातून, तिवरांतून, कुठे पाय ठेवायचा ते बघतही नव्हता. मला कमरेएवढ्या उंचीवर हात धरून चालवत होता, मी लहान असल्यासारखं. मीही वाकून चालले.

कोंडीवर पोचलो. पाण्यावर तांबूस फेस. मी सरांची बाटली भरून घेतली. वासाने माझे डोळे चुरचुरले. बाबाने पाग खांद्यावर घेतला, अंग वळवलं आणि फेकला. हवेत तो असा गोल उघडला की मी फेस विसरले, वास विसरले. चूल विसरलेला हा माणूस, आणि हे एवढं त्याच्यात अजून शाबूत! कुठे ठेवलंय त्याने? कोणत्या निरोप्याच्या हातात?

पाग ओढला. त्यात काहीच नव्हतं, नुसता काळा लगदा. बाबाने तो बोटांत घेतला, हुंगला. मग पहिल्यांदा त्याने पाण्याकडे पाहिलं. नीट, जसा पूर्वी पाहायचा तसा.

"ही कवा मेली?" म्हणाला.

"झाली बरीच वर्षं, बाबा."

त्याने डोक्याचा रुमाल काढला, जसा गावातून कोणाचं प्रेत जाताना काढतो. घरी आल्यावर कपड्यांसकट नळाखाली बसला आणि डोक्यावरून पाणी घेतलं. मसणातून आल्यावर घेतात तसं. मग जेवला नाही.

३ एप्रिल

सकाळी बाबा पाग खांद्यावर घेऊन निघाला. "जांभूलकोंडीव बोईट हाय. तुना पायजे ना?"

मी दार अडवलं आणि सांगितलं, कोंड मेली. त्याचा चेहरा कालच्यासारखाच पडला, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखा. पुन्हा रुमाल काढला, पुन्हा नळाखाली बसला.

६ एप्रिल

रोज तेच. रोज मी सांगायचं, रोज त्याने न्हायचं. आते रडते आणि माझ्यावर ओरडते, "तू गप का नाय ऱ्हात? भरती नाय म्हनून सांग!"

आज तसंच सांगितलं. आज भरती नाही, बाबा. तो "बरं" म्हणाला, पाग टांगला आणि दिवसभर गाणी गुणगुणत होता. इतक्या दिवसांत इतका खूश दिसला नव्हता.

आणि मग मला तो विचार आला, जो यायला नको होता. मी कसलं औषध शोधतेय? उद्या ते सापडलं आणि त्याला सगळं आठवायला लागलं, तर काय काय आठवेल? आई गेल्याचं, खाडी गेल्याचं. विसरण्यात हा माणूस सुखी असेल तर मी कोण त्याला उठवणारी? प्रयोगशाळेत गेले आणि एकही नळी धुतली नाही, कोंडीच्या पाण्याची बाटलीही तशीच पडून. सरांनी विचारलं नाही. सर विचारत नाहीत, थांबतात.

९ एप्रिल

कालपासून मी पुन्हा खरं सांगतेय, आणि आता तो दिवसातून दोन-तीनदा निघतो. खोटं तोंडात बसेना. आज दुपारी बाबा शुद्धीवर होता. असा कधी कधी येतो, चेहऱ्यावरूनच कळतं. ओट्यावर बसला होता आणि दोरीवरच्या त्याच्या कपड्यांकडे बघत होता. तीन सदरे, तिन्ही ओले.

"बाय, मी रोज न्हातंय काय?"

मी त्याच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. कोंडीचं, पागाचं, रुमालाचं. तू रोज विसरतोस आणि मी रोज सांगते. भरतीची थाप मारली तेही सांगितलं. चहातल्या पुडीचंही सांगितलं.

शेवटी मी विचारलं. "बाबा, खरं सांग. औषध झालं तर तुला हवंय का? सगळं आठवेल मग. खाडी मेली तेही आठवेल. त्यापेक्षा विसरलेलं बरं नाही का?"

बाबा हसला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या हाताला अजून वास येतो.

"येडी हायस," म्हणाला. "घरान कोन मेला, तं धा दिस सुतक. धाव्याला न्हायाचा, सुतक फिटला, मंग मानूस जालं विनायला बसतं. इसरत नाय, पन बसतं." त्याने दोरीवरच्या सदऱ्यांकडे बोट केलं. "माजा रोज पयला दिस. माजा सुतक कवा फिटंल, बाय?"

मी उठून एक सदरा पुन्हा पिळला.

"कर तुजा औषद," म्हणाला. "मना धाव्या दिसाव ने."

१० एप्रिल

रविवार असून प्रयोगशाळेत गेले. ओक सर आधीच आलेले होते. मी अठराव्याची बाटली घेतली, बर्फातून जानेवारीची डोकी काढली आणि आधी नुसत्या रसाचा रंग घेतला.